बास्केटबॉल शिकवायला उभे राहताय? आधी पाय, मग बॉल

नवीन कोचचे पहिले दिवस बहुतेक ठिकाणी सारखेच जातात. मुलं "सर, शूटिंग करू द्या ना" म्हणून मागे लागतात, सर बॉल देतात आणि वीस जण एका रिंगसमोर रांग लावतात. हिशेब करून बघा. एका ले-अपला (पळत रिंगजवळ येऊन, उडी मारून बॉल टाकायला) नऊ-दहा सेकंद धरले, तर प्रत्येकाची पाळी तीन मिनिटांनी येते. म्हणजे पंधरा मिनिटांत पाचदाच बॉल हातात. त्यापेक्षा पाच-पाचचे चार गट पाडा: दोन गट रिंगवर, एक भिंतीशी पासिंगला, एक बॉलशिवाय पायांच्या कामाला. आठ-आठ मिनिटांनी जागा बदला. चौथा गट कुरकुर करेल, करू द्या. खरं काम तिथेच होतं.

त्याआधी बॉल तपासा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना पाच नंबरचा बॉल लागतो. सात नंबरचा सुमारे 600 ग्रॅमचा असतो, पाचचा पाचशेच्या आत. शाळांच्या पेटीत मात्र बहुधा सातचेच गुळगुळीत झालेले बॉल निघतात. ते चौथीतल्या मुलाला दिले की तो कमरेपासून दोन्ही हातांनी बॉल भिरकावतो, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. रिंगचंही तेच. मोठ्यांची रिंग 3.05 मीटरवर, मिनी बास्केटबॉलची 2.60 वर. खांब पक्का गाडलेला असेल तर भिंतीवर 2.60 मीटरवर खडूने गोल काढा. शूटिंगचा हात बसवायला तो पुरतो. हवाही बघा. तुमच्या डोक्याच्या उंचीवरून सोडलेला बॉल टप्पा घेऊन कमरेच्या जरा वर यायला हवा.

आता पाय. पहिली गोष्ट जंप स्टॉप. मुलाला हळू पळत येऊन दोन्ही पायांवर एकदम थांबायला सांगा: गुडघे वाकलेले, दोन पायांत खांद्याएवढं अंतर, वजन चवड्यांवर. डोळे मिटून ऐकलंत तरी चूक कळते. एकच 'थप्' आला तर बरोबर. 'थप-थप' आला तर एक पाय आधी टेकला, आणि मग पिव्हट, म्हणजे जमिनीला खिळवून ज्यावर फिरायचं तो पाय, कुठला करायचा याची निवड त्याच्या हातात राहत नाही. इथून पिव्हट शिकवा: एक चवडा जमिनीला खिळलेला, दुसरा पाय फिरता. टाच टेकवून फिरणाऱ्याचा तोल जातो, मग पिव्हटचा पाय सरकतो, आणि रेफरी शिट्टी मारतो. 2017 च्या ऑक्टोबरपासून फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात पळता पळता बॉल पकडताना जमिनीवर असलेला पाय पावलांत मोजत नाहीत. हे तुम्हाला माहीत हवं, पण लहानांना इतक्यात सांगू नका. सांगितलंत तर उभ्या उभ्याही तीन पावलं टाकतील.

ले-अप उलटीकडून शिकवावा, शेवटच्या पावलापासून. उजव्या हाताचा खेळाडू रिंगच्या उजव्या बाजूला, रिंगमागच्या बोर्डाशी 45 अंशांत, एका पावलावर उभा करा. डावा पाय टाकायचा, उजवा गुडघा आणि उजवा हात एकत्र वर, बॉल बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर. हे दहापैकी सात-आठ वेळा जमलं की एक पाऊल मागे: उजवा, डावा, वर. दोन्ही पावलांच्या जागी खडूने गोल काढा. मग एक ड्रिबल (बॉल जमिनीवर एकदा आपटून), आणि सगळ्यात शेवटी पळत. पहिल्याच दिवशी पळवत आणलं की मुलाचं लक्ष ड्रिबलवर राहतं आणि तो उजव्याच पायावर उडतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लांब उडी. मूल बोर्डाखाली जाऊन पोचतं आणि बॉल धाडकन आदळून बाहेर येतो. दुसरं पाऊल आखूड टाकायला लावा, पुढचा वेग वर वळतो. डावखुऱ्यांना हेच आरशासारखं, डावीकडून.

ड्रिबलिंगला फार तत्त्वज्ञान नको. बॉल तळव्याला नाही, बोटांना लागावा. उंची गुडघा ते कंबर. समोर उभे राहून बोटं दाखवत राहा, मुलांनी ड्रिबल न थांबवता आकडा ओरडायचा. मान आपोआप वर राहते. डाव्या हाताला उजव्याच्या दुप्पट वेळ.

शूटिंगमध्ये बॉलवरच्या रेघा बघा. सरळ उलट फिरत गेल्या तर मनगट नीट सुटलं. तिरक्या फिरल्या तर आधाराच्या हाताचा अंगठा ढकलतोय. त्यावर उपाय एकच: रिंगपासून एक-दीड मीटरवर, दुसरा हात पाठीमागे, एका हाताने शूट. बॉल लांबून रिंगपर्यंत पोचत नसेल तर हाताला दोष देऊ नका. जोर गुडघ्यातून येतो. मूल ताठ उभं असेल.

चेस्ट पास (छातीपासून दोन्ही हातांनी सरळ) तीन-चार मीटरवरून, सुटल्यावर अंगठे जमिनीकडे. बाउन्स पासचा (जमिनीवर आपटून दिलेल्या पासचा) टप्पा अंतराच्या दोन-तृतीयांशावर. मध्यावर पडला तर घेणाऱ्याच्या छातीशी उशिरा, लोंबकळत येतो आणि मधेच समोरच्या संघाच्या हाती जातो.

चौदा वर्षांखालच्या सामन्यात एक मोह प्रत्येक कोचला पडतो. समोरच्या मुलांना लांबून शूट जमत नाही, म्हणून रिंगखाली 2-3 झोन लावायचा, म्हणजे दोघं पुढे, तिघं मागे उभे करून माणसाऐवजी जागा राखायची. सामना निघतो, पण आपल्या मुलांना एका माणसाला धरून राहायचं, पाय सरकवत अडवायचं कळत नाही, आणि सतरा वर्षांखालच्या गटात समोरचे बाहेरून टाकायला लागले की ती उघडी पडतात. निदान पहिली दोन वर्षं मॅन-टू-मॅनच, म्हणजे प्रत्येकाने एकेकाला धरून, खेळवा, आणि हरलेल्या सामन्यांचं उत्तर मुख्याध्यापकांना काय द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा.