माळावर कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

चंडोल दिसला, चिंकारा दिसला की बरेच जण सरळ त्याच्या दिशेने चालू लागतात आणि तिथेच फोटो हातचा जातो. उघड्या माळावर अंगावर चालून येणारा माणूस कुणालाही लांबूनच दिसतो. तिरपं चाला, मध्ये मध्ये थांबा, टक लावून बघू नका. त्याहून चांगलं म्हणजे खाली बसा. फक्त बसण्याआधी दगडधोंडे आणि बोरीची जाळी नीट न्याहाळा, फुरसं अशाच जागी असतं.

सगळ्यात वाईट चूक टिटवीच्या बाबतीत होते. तिचं घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा. आत बहुधा चार अंडी, मातकट रंगाची, काळ्या डागांची. पायाशी असली तरी दिसत नाहीत. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की लोक खूश होऊन धडाधड फोटो काढतात. ती तुम्हाला हाकलत असते! भर उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही रेंगाळता तेवढा वेळ ती अंडी उन्हात तापत राहतात. खाली बघत, आल्या वाटेने मागे फिरा. तो फोटो सोडून द्या.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर वेगळीच गडबड होते. २०१६ मध्ये ‘सरडा सुपर्बा’ या नावाने नोंदला गेलेला सरडा इथलाच. पावसाळ्याआधी नर दगडावर चढून निळा-काळा-केशरी गळा फुलवतो, आणि आपण उभ्याने वरून फोटो काढतो. मग गळा निम्मा झाकलेला आणि मागे नुसती माती. पोटावर झोपा, लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणा. गळा क्षणभरच फुलतो, शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवा.

लांबचे फोटो लिबलिबीत येतात म्हणून लेन्सला दोष देऊ नका. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते, तिथे महागडी लेन्सही हात टेकते. सूर्योदयानंतरचे दोन तास धरा. आकाशातली घार काळी येत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या.

रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नका. विणीच्या दिवसांत ते पिल्लं सोडून भांडायला येतात. लांडग्याची गुहा किंवा घरटं सापडलं तर फोटोसोबत ठिकाण टाकू नका, मोबाईलमधलं लोकेशनही बंद ठेवा. आणि गाडी माळात घालू नका, रुळलेल्या वाटेवरच उभी करा.