घरी शिकणारी मुलं, सहली आणि कॅमेरा : या चुका टाळा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं की पहिला प्रश्न नातेवाइकांचा येतो. "मग ही पोरं दिवसभर करतात काय?" आत्या विचारते, शेजारच्या काकू विचारतात, लग्नात शेजारच्या ताटावर बसलेले अनोळखी पाहुणेसुद्धा विचारतात. त्यांचंही चूक नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं ते याच कोल्हापुरात, त्यामुळे शाळा ही इथल्या माणसांच्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे. पण या प्रश्नाला उत्तर म्हणून आई फोटो काढायला लागते. मूल पुस्तक घेऊन बसलंय, मूल बुरुजावर उभं आहे, मूल संग्रहालयातली पाटी वाचतंय. मग घरच्या ग्रुपवर टाकायला काहीतरी हवं म्हणून सहली ठरू लागतात. सहलीत आणि फोटोत मला पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. मुलाला पडलेला प्रश्न बाजूला राहतो आणि लोकांच्या प्रश्नासाठी कॅमेरा निघतो.

गाडी काढलीच आहे तर...

पन्हाळा, तिथून जोतिबा, वेळ उरला तर मसाई पठार. अंतरं कमी असल्यामुळे कोल्हापूरकरांना हा मोह हमखास होतो. संध्याकाळी मुलं गाडीत झोपलेली असतात आणि फोनमध्ये तिन्ही ठिकाणचे एकसारखे फोटो असतात: ओळीत उभं राहून, उन्हानं डोळे बारीक करून.

त्याऐवजी एक प्रश्न घेऊन एकाच ठिकाणी जा. पन्हाळ्याचंच बघा. सिद्दी जौहरनं १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत गडाला वेढा घातला होता. इतके महिने गडावरची माणसं खात-पीत काय होती? एवढा एकच प्रश्न घरून निघताना मुलांच्या हाती द्या. मग अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांच्या जाड भिंती ती हातानं चाचपून बघतात, अंधारबाव या विहिरीजवळ पाण्याचं काय ते विचारतात, तटावरून वेढा कुठं पडला असेल ते शोधतात. तीन दरवाजा, सज्जा कोठी बघायची राहिली तरी चालेल. पन्हाळा तासाभराच्या आत आहे, पुन्हा जाता येतं. घरी शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा तर हाच आहे की आपल्याला शनिवार-रविवारची गर्दी गाठावी लागत नाही.

अंबरखान्यासारख्या अंधाऱ्या जागेत फोटो बिघडतो तो दारामुळे. मूल दाराकडे पाठ करून उभं केलं की चेहरा काळा आणि मागं पांढरा झोत. मुलाला दारापासून थोडं आत, बाजूला उभं करा. उजेड गालावर तिरका पडला की चेहराही दिसतो आणि भिंतीचा खडबडीतपणाही. तरी काळं येत असेल तर स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी जराशी वर सरकवा. फोटो हलतोय, धूसर येतोय, तर फोन कमी उजेडात जास्त वेळ घेतो हे त्याचं कारण आहे. कोपर भिंतीला टेका, दोन सेकंदांचा टायमर लावा. संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, तेव्हा तो न विचारता उघडू नका.

गुऱ्हाळावर दहा मिनिटं

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की घरी शिकणाऱ्या मुलांसाठी याहून चांगला वर्ग नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि इथंच लोक घाई करतात. रस प्यायचा, काहिलीसमोर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईसमोर, उभं राहून फोटो, गरम गुळाचा खडा तोंडात, निघालो.

काहील चढल्यापासून रवा, म्हणजे गुळाची ढेप, भरेपर्यंत थांबायची तयारी असेल तरच जा. आधी गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, विचारा, कुठं उभं राहिलं तर अडचण होणार नाही ते. "लांब हुबा ऱ्हा बाळा, चटका बसंल," हे तो सांगणारच, आणि ते पोरांनी अक्षरशः पाळायचं. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि अंगाला चिकटतो. काढायच्या वेळी तो ११८ अंशांच्या आसपास पोचलेला असतो. शाळेच्या पुस्तकात 'द्रावणाचा उत्कलनबिंदू वाढतो' असं वाक्य असतं, ते इथं समोर उकळत असतं.

मुलाला सांगा, एकाच जागेवरून काहिलीचा रंग टिपत राहा. चरकातून आलेला रस हिरवट राखाडी असतो. भेंडीचा रस घातला की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते, ती काढली की रंग निवळतो. मग फेस चढतो, बुडबुडे आधी बारीक आणि नंतर मोठे, जड होत जातात. शेवटी गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून गोळी बघतो, काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, रिकामी होते आणि फावड्यानं घोटता घोटता सोनेरी रंग फिका, घट्ट होत जातो.

आता घरी येऊन हे फोटो शेजारी शेजारी ठेवले की मूल म्हणतं, "आई, मधल्या फोटोत तर रस जास्त पिवळा होता आणि नंतर निळसर दिसतोय." यात मुलाचं निरीक्षण चुकलेलं नसतं, कॅमेऱ्यानं घोळ घातलेला असतो. फोन प्रत्येक फोटोला रंग आपल्या अंदाजानं 'दुरुस्त' करतो, चुलवाणाचा, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीचा, लाल उजेड आला की निळ्याकडे ओढतो. उपाय सोपा आहे. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग दुरुस्तीची सेटिंग, उन्हाच्या चिन्हावर पक्का करून ठेवा. तो मोड नसेल तर पांढऱ्या कागदाचा तुकडा प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात येऊ द्या. सगळ्या फोटोंत कागद सारखा पांढरा आहे का, हे मूल स्वतः तपासू शकतं. रंगाची तुलना करायची तर आधी मोजपट्टी सारखी हवी, ही गोष्ट मोठ्या मुलांना यातून चांगली कळते.

वाफेचे आणखी दोन त्रास असतात. गार सकाळी बॅगेतून काढलेला कॅमेरा थेट काहिलीजवळ नेला की काचेवर दव बसतं. तो आधी बॅगेबाहेर काढून लांबच थोडा वेळ राहू द्या, पुसत बसू नका. आणि फ्लॅश बंद. फ्लॅश वाफेवर आपटून परत येतो आणि सगळा फोटो पांढरट होतो. वाफ छान दिसावी असं वाटत असेल तर उजेड वाफेच्या पलीकडून किंवा बाजूनं येईल आणि मागं काळोखी भिंत असेल अशी जागा धरा.

किरणोत्सव फोटोत पकडायचा हट्ट

अंबाबाईच्या देवळात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून मूर्तीपर्यंत पोचतात. गर्दी असते, गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, आणि धूळ-ढग आडवे आले तर किरणं अडतातही. अशा वेळी मुलाला खांद्यावर घेऊन मोबाइल उंचावणं सोडून द्या. दर्शन घ्या आणि अभ्यास घरच्या गच्चीवर करा.

मुलाला कॅलेंडर द्या आणि मोजायला सांगा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस. २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२ दिवस. मधली तारीख म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस. सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो, तिथून परत फिरतो आणि येता येता पुन्हा त्याच जागी मावळतो. म्हणून देवळात हा सोहळा दोनदा होतो. हे गणित स्वतःच्या बोटांनी सुटल्यावर नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. फोटो काढायचाच असेल तर त्याचा काढा.

मग गच्चीच्या कठड्यावर खडूनं खूण करा, आठवड्यातून एकदा तिथूनच मावळतीचा फोटो घ्या, झूम न करता. इथं चूक होते ती जागा बदलण्याची. दोन पावलं सरकलात तरी समोरची टाकी सूर्याच्या डावीकडची उजवीकडे जाते आणि सगळी मालिका वाया जाते. मुलांनी सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, आणि डोळा लावून बघायच्या कॅमेऱ्यातून तर मुळीच नाही.

पावसाळा, पूर आणि गुलाल

आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅमेरा चामडी कव्हरात घालून कपाटात ठेवणं म्हणजे लेन्सला बुरशीचं आमंत्रण. चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की त्या सुकवा किंवा बदला. तांदळात ठेवायचा सल्ला घरोघरी मिळतो, पण तांदळाची पूड फटीत जाते. लेन्समधून टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा दिसल्या तर घरी उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि तोवर ती लेन्स बाकीच्या सामानापासून वेगळी ठेवा.

पंचगंगेचं पाणी वाढलं की मुलांना घेऊन पाण्याच्या कडेला फोटोला जाणारी माणसं दिसतात. ते नकोच. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज जाहीर होते. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. घरी बसून रोजच्या आकड्यांचा आलेख काढला तर मूल पूर जास्त नीट समजून घेतं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालानं काच भरली तर ओढणीनं पुसू नका, ओरखडे पडतात. रबरी ब्लोअरनं उडवा. तोंडानं फुंकलं तर थुंकीची ओल लागते आणि गुलाल तिथंच चिकटतो. गर्दीत लेन्स बदलू नका.

आई फोटोत कधीच नाही

बहुतेक कुटुंबांच्या फोटोंत आई नसते, कारण कॅमेरा तिच्या हातात असतो. जुना फोन मुलांना द्या. त्यांच्या उंचीवरून जग वेगळं दिसतं; खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात आपण स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छताकडे बघत बसतो आणि मुलं खाली, जोत्याच्या हत्तींशी डोळे भिडवून उभी असतात. त्यांचा फोटो वाकडा आला तर लगेच सरळ करू नका, हे का काढलं एवढंच विचारा. आणि "हस ना जरा" म्हणत दर दहा मिनिटांनी त्यांना थांबवू नका.

फोटो टाकताना तिथं असेपर्यंत टाकू नका, घरी आल्यावर टाका. आपली मुलं शाळेच्या वेळेत बाहेर असतात, ठरलेल्या वारी ठरलेल्या ठिकाणी असतात, हे सगळ्या जगाला कळायची गरज नाही. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा.

फोटो हरवतात कसे

व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बारीक होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहितीही जाते. मूळ फोटो म्हणून तो जपून ठेवलात तर वर्षानं काहीच जुळत नाही. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅमेरा आणि फोन दोन्ही वापरत असाल तर निघण्याआधी दोघांची घड्याळं जुळवा. कार्ड अचानक 'रिकामं' दाखवू लागलं तर त्यावर एकही नवीन फोटो काढू नका, ते बाजूला काढा. फोटो परत मिळवायचे प्रोग्रॅम असतात, पण वरून नवीन लिहिलं गेलं की ते मिळत नाहीत.

फोटो जपले, कागद राहिले

दहा वर्षांचे अल्बम नीट लावलेले आणि जन्मदाखल्यावरचं नाव आधारशी जुळत नाही, ही चूक सगळ्यात महागात पडते. एनआयओएस, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येणारं केंद्राचं मुक्त शाळा मंडळ. तिथं दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात, नोंदणी ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. त्याआधीच्या मुलांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे मुक्त बेसिक शिक्षणाचे टप्पे आहेत. पण वयाचा पुरावा पक्का हवा. मूल आधी शाळेत गेलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या, त्यावरचं स्पेलिंग तिथंच उभं राहून तपासा. नावात, आडनावात, जन्मतारखेत फरक असेल तर तो मूल आठ-नऊ वर्षांचं असतानाच दुरुस्त करून घ्या.