फॉलिक अ‍ॅसिड आणि पालेभाजी: या चुका टाळा

"मावशी, आमच्याकडे रोज पालेभाजी असते. मग फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कशाला?" मंडईतून आणलेली पालकाची जुडी निवडताना भाचीने विचारलं. ती आणि तिचा नवरा आता बाळाचा विचार करताहेत. या बाबतीतली सगळ्यात मोठी चूक हीच.

फॉलिक अ‍ॅसिडचं अन्नातलं नैसर्गिक रूप म्हणजे फोलेट. पालक, मेथी, हरभऱ्यातल्या फोलेटला ग्लुटामेट नावाच्या छोट्या रेणूंची लांब साखळी जोडलेली असते. लहान आतड्याच्या अस्तरातलं एन्झाइम तिच्या कड्या तोडतं. एकच उरली की फोलेट आत शोषलं जातं. गोळीतल्या फॉलिक अ‍ॅसिडला मुळात एकच कडी. म्हणून भाजीतलं साधारण निम्मं अंगी लागतं, जेवणासोबतच्या गोळीतलं सुमारे ८५ टक्के आणि उपाशीपोटी घेतली तर जवळपास सगळं.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ती नीट मिटायला फोलेट लागतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, निदान गर्भ राहण्याच्या महिनाभर आधीपासून.

भाजी मात्र सोडायची नाही, आणि तिचं पाणीही टाकायचं नाही. पराठ्यासाठी पालक उकडून घट्ट पिळला की ते हिरवंगार पाणी मीही वर्षानुवर्षं मोरीत ओतलं. फोलेट पाण्यात उतरतं. त्याच पाण्यात कणीक भिजवा. ताकातल्या पातळ भाजीत ते पातेल्यातच राहतं.

"जास्त घेतलं तर काय बिघडतं?" बिघडतं. फॉलिक अ‍ॅसिड यकृतात बदलूनच कामी येतं आणि ते काम संथ चालतं. जादा झालेलं तसंच रक्तात फिरतं. ५ मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यावी.

त्याहून काळजीचं बी-१२ जीवनसत्त्व. ते कमी असताना नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची हानी चालूच राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथे फोलेटची कमतरता क्वचितच होती, बी-१२ मात्र निम्म्याहून अधिक जणींत कमी. ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) सर्वांत जास्त आढळला. पालेभाजीत बी-१२ नसतं. घरात शाकाहार असेल तर गोळीआधी बी-१२ची तपासणी कराच.

फिट्सची काही औषधं आणि मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांवरचं औषध) फोलेटच्या कामात आड येतात. यांतलं काही चालू असेल, तर बाळाचं ठरवण्याआधीच डॉक्टरांना सांगा. मनाने काही सुरू करू नका, बंदही करू नका.