काट्याच्या पावतीवरून शिका व्हेरिएबल, क्लास आणि ऑब्जेक्ट

हिंगणघाट असो की वणी, जिनिंगला कापूस नेला की हातात काट्याची पावती पडते: भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ. प्रोग्रॅमिंगची सुरुवात करायला एवढं सामान पुरे. क्लास शिकवताना देतात ती कुत्र्यामांजरांची नेहमीची उदाहरणं मला कधी पटली नाहीत.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर ‘पायड्रॉइड ३’ हे ॲप घ्या. एकदा उतरवलं की पायथॉन (आपण शिकणार ती प्रोग्रॅमिंगची भाषा) इंटरनेटशिवाय चालतो, म्हणजे वावरात रेंज नसली तरी अडत नाही. त्यातला इंटरप्रिटर, म्हणजे ओळ टाकली की लगेच चालवून दाखवणारा भाग, उघडा. पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका; इथे छापलेत तसे टाकले तर तो चूक दाखवेल.

आधी व्हेरिएबल, म्हणजे आकड्याला दिलेलं नाव. भाव एका क्विंटलचा, कापूस १२ क्विंटल, * म्हणजे गुणिले. एकेक ओळ टाकून एंटर दाबा:

भाव = ७०००
रक्कम = भाव * १२
भाव = ७१००
रक्कम

उत्तर ८४००० येईल, ८५२०० नाही. गुणाकार झाला तेव्हा भाव ७००० होता. पायथॉन मागचा हिशोब आपणहून पुन्हा करत नाही. नवा भाव धरायचा तर दुसरी ओळ परत टाका.

मग क्लास. क्लास म्हणजे कोरी छापील पावती: कोणते रकाने, हिशोब कसा, एवढंच ठरलेलं.

क्लास काटापावती:
    डेफ निव्वळ(ही):
        रिटर्न ही.भरलेलं - ही.रिकामं

यातले तीन शब्द छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहायचे: क्लास (सी, एल, ए, एस, एस), डेफ (डी, ई, एफ; हिशोबाची रीत इथून सुरू) आणि रिटर्न (आर, ई, टी, यू, आर, एन; उत्तर परत देतो). दुसऱ्या ओळीआधी चार जागा सोडा, तिसरीआधी आठ. शेवटी रिकामी ओळ. ‘ही’ म्हणजे ज्या पावतीला विचारलं ती. इंग्रजी कोडमध्ये तिथे ‘सेल्फ’ दिसेल.

आता ऑब्जेक्ट, म्हणजे भरलेली पावती. पिकअपची करू, वजन क्विंटलमध्ये:

पहिली = काटापावती()
पहिली.भरलेलं = २९.५
पहिली.रिकामं = १७.५
पहिली.निव्वळ()

१२.० आलं? छान. इथवर सगळे येतात, फसतात ते पुढे. मागून ट्रॅक्टर-ट्रॉली आली आणि टायपिंग वाचवायला तुम्ही लिहिलं:

दुसरी = पहिली
दुसरी.भरलेलं = ५२

आता पहिली.निव्वळ() विचारून पाहा. ३४.५! पिकअपचा कापूस जवळजवळ तिप्पट झाला. कारण दुसरी पावती फाडलीच गेली नाही. एकाच पावतीला दोन नावं पडली, आणि एका नावाने केलेली खाडाखोड दुसऱ्या नावालाही दिसते. व्हेरिएबल म्हणजे डबा असं शिकवतात, त्याने हा घोळ वाढतो. पायथॉनमध्ये व्हेरिएबल हे नुसतं नाव; ऑब्जेक्ट वेगळा. नवी पावती हवी तर कंस देऊनच मागा:

दुसरी = काटापावती()
दुसरी.भरलेलं = ५२

आणि पहिलीचं भरलेलं वजन परत २९.५ करा.

ट्रॉली अजून खाली व्हायची आहे. तोवर दुसरी.निव्वळ() विचारलं तर ‘ॲट्रिब्यूटएरर’ येईल, घाबरू नका: रिकामं हा रकानाच भरलेला नाही. ट्रॉली परत काट्यावर आली की दुसरी.रिकामं = ३१ टाका आणि पुन्हा विचारा. २१ येतील.