कुष्ठरोग्याची लिव्हर सोनोग्राफी: या चुका टाळा

लांबच्या वाडीतून पहिल्या एसटीने रत्नागिरी गाठायची, तर माणूस पहाटे पेज जेवूनच निघतो. मग पित्ताशय आकसलेलं, पोटात वायू, आणि रिपोर्ट अर्धवट. तपासणीआधी 6 ते 8 तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

दुसरी चूक लाजेपोटी होते. चिठ्ठीवर नुसतं 'पोटदुखी' असतं, कुष्ठरोगाचा उल्लेख नसतो. लपवू नका. एमडीटीचा (कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या कोर्सचा) कितवा महिना, रिअ‍ॅक्शनसाठी (कुष्ठरोगात अचानक उठणाऱ्या सुजेसाठी) प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे का, दारू किती, हे सोनोलॉजिस्टला कळायलाच हवं. यकृत पांढुरकं दिसलं तर ती चरबी असू शकते. स्टेरॉइड, दारू, वाढलेलं वजन, कशानेही. तिचं खापर कुष्ठरोगावर फोडू नये.

सगळ्यात महाग पडते ती चूक म्हणजे 'सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे लिव्हर ठीक' असं धरून चालणं. लेप्रोमॅटस, म्हणजे अंगात जंतू खूप असलेल्या कुष्ठरोगाच्या प्रकारात ते यकृतापर्यंत पोचतात, पण तिथल्या गाठी इतक्या सूक्ष्म की त्या बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. सोनोग्राफीत आकार, पोत, पृष्ठभाग, प्लीहा कळते. पेशींना औषधाची इजा होतेय का, ते रक्तातल्या एसजीपीटी (यकृताच्या पेशींतलं एन्झाइम) आणि बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) यांवरून कळतं. दोन्ही तपासण्या हव्यात. एमडीटीतलं डॅप्सोन सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ, मानेत-काखेत गाठी, कावीळ दिसली तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नका. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. डॅप्सोनची ही तीव्र प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. आपल्याकडे लावणीच्या दिवसांत ताप आणि कावीळ म्हटलं की लेप्टोचाच (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा) संशय येतो. तो रास्तच आहे, पण गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवलं नाही तर डॅप्सोनकडे कुणाचं लक्षच जात नाही.

याच्या उलटही होतं. एमडीटीचा महिन्याचा डोस घेतला की त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे लघवी लालसर-केशरी होते. घरचे कावीळ समजून घाबरतात आणि गोळ्या बंद करतात. एक-दोन दिवसांत रंग उतरतो, औषध चालूच ठेवायचं. एमडीटीतल्याच क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, कधी डोळ्यांतही रंग चढतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका. शंका आली तर बिलिरुबिन तपासा.

आणि जुना रिपोर्ट फेकू नका. यकृत वाढतंय की उतरतंय, हे मागच्या मापाशी ताडूनच कळतं.