पावसाळ्यात लोकरी कपड्यांसाठी देवदार तेल

महाबळेश्वर, पाटण, जावळीकडचा पाऊस म्हणजे ट्रंकेतल्या स्वेटर-शालींची परीक्षाच. दमट वास येतो, कसर लागते. डांबरगोळ्यांपेक्षा मला देवदार तेल कितीतरी बरं वाटतं. देवदार हिमालयातलं झाड. त्याच्या लाकडातून वाफेवर हे तेल काढतात. वास कोरडा, लाकडी, रेंगाळणारा.

आधी कपडे धुऊन कडकडीत वाळवा. घामाच्या, खरकट्याच्या डागांवर कसर हमखास येते, आणि एकदा अंडी पडली की नुसत्या वासाने ती मरत नाहीत. मग कापसाच्या बोळ्यावर चार-पाच थेंब टाकून तो मलमलच्या पुरचुंडीत बांधा आणि ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवा. तेल थेट कापडावर नको, डाग पडतो. पैठणीला तर अजिबात नको. वास उडून जातो, म्हणून महिन्याभराने पुन्हा थेंब टाका.

उरलेलं तेल डोक्याला लावायचं असेल तर दोन चमचे खोबरेल तेलात चारच थेंब, तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, दिवसभर थांबून बघितल्यावर. पोटात मात्र कधीही घेऊ नका. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. बाटली गडद काचेची घ्या आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.