शिक्का नसलेली जुनी जर्मन मिलिटरी बॅग ओळखायची कशी

रविवारी नाहीतर बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारली की कधीतरी एखादी जाड कॅनव्हासची बॅग हाताला लागते, चामड्याचे पट्टे, गंजलेली बकलं, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की साहेब जर्मन आहे, वर्ल्ड वॉरची. आत बघावं तर ना शिक्का ना साल. मग लोक एकतर मुकाट पैसे देतात नाहीतर शिक्का नाही म्हणजे डुप्लिकेट असं म्हणून ठेवून देतात. दोन्ही चुकीचं आहे. शिक्का सगळ्यात शेवटी बघावा असं माझं ठाम मत आहे, कारण शाईचा शिक्का धुण्यात जातो आणि नवीन मारायला दोन मिनिटं लागतात, पण बकल, दोरा आणि बॅग अंगावर अडकवायची पद्धत हे सगळं एकत्र खोटं करणं परवडत नाही.

आधी कळकळीची विनंती, घरी आणली की लगेच धुवू नका. माझी पहिली ब्रेडबॅग (सैनिकाची कमरेला अडकवायची शिध्याची कापडी पिशवी) मी साबणाच्या पाण्यात भिजवली आणि झाकणाच्या आतली फिकट जांभळी खूण गेली, ती काय होती ते आता कधीच कळणार नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. कोरड्या ब्रशने धूळ काढा, खोलीत अंधार करून टॉर्च कापडाला अगदी आडवा धरा, मोबाईलने फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. झाकणाची आतली बाजू, चामड्याच्या तुकड्यांची मागची बाजू, पट्ट्याचं टोक. चामड्यात दाबलेले शिक्के असे आडव्या उजेडातच दिसतात.

आता पुण्यातला पहिला प्रश्न, हे ब्रिटिश किंवा आपलंच तर नाही ना? इथे खडकी, कॅम्प, सदर्न कमांड, त्यामुळे बाजारात येणारा बराचसा माल त्या बाजूचाच असतो. ब्रिटिश पॅटर्न ३७ (म्हणजे १९३७ चा, आपल्या सैन्यानेही तो पुढे खूप वर्षं वापरला) सगळा विणलेल्या सुती पट्ट्यांचा, पट्ट्याच्या टोकाला पितळी टोपी, आणि बकलला मधली काडी नाही. जर्मन मालात पट्टा बहुतेक चामड्याचा, त्याला भोकं आणि बकलला काडी, आणि जिथे ताण येतो तिथे कापडावर चामड्याचा तुकडा शिवलेला. आफ्रिकेतल्या सैन्यासाठी जर्मनांनी सुती पट्टेही केले होते, पण पितळी टोप्या दिसल्या तर जर्मनचा विचार सोडून द्या.

यानंतर अडकवायची पद्धत, आणि माझ्या मते खरी ओळख इथेच पटते. १९३१ च्या ब्रेडबॅगला मागे कमरेच्या पट्ट्यासाठी तीन जागा असतात, कडेला बटणाचे दोन लूप आणि मध्ये एक हूक, पट्टा साधारण साडेचार सेंटिमीटर रुंद. केसाळ कातड्याच्या झाकणाची पाठीवरची बॅग, जिला ते टोर्निस्टर म्हणतात, तिच्या १९३४ च्या मॉडेलला खांद्याचे पट्टे शिवलेले असतात. १९३९ च्या मॉडेलला पट्टेच नाहीत, नुसते हूक, कारण ती सैनिकाच्या अंगावरच्या वाय आकाराच्या पट्ट्यांना अडकवायची असते. पट्टे तुटलेत म्हणून कोणी ती स्वस्तात देत असेल तर नीट बघा, काहीच तुटलेलं नसेल. केसाळ कातडं दिसलं की लगेच जर्मन समजू नका मात्र, स्वित्झर्लंडच्या सैन्याच्याही तशाच बॅगा होत्या, चामड्यावर छोटा क्रॉस शोधा. काडतुसांची तीन खणांची पाकिटंही तशीच फसवतात, जर्मन पाकिटाच्या एका खणात पाच गोळ्यांच्या दोन क्लिपा बसतात आणि मागे वर डी रिंग असते, पण माउजर रायफल बऱ्याच देशांनी वापरली आणि त्यांनीही मिळतीजुळती पाकिटं बनवली.

मग काळ. इथे लोहचुंबक लागतो. सुरुवातीच्या मालात ॲल्युमिनियमची बकलं आणि बटणं खूप, युद्ध लांबलं तसं रंग दिलेलं लोखंड आलं, चामड्याच्या जागी कागदाच्या लगद्यासारखा दाबलेला नकली माल आला. दोऱ्याचं लोंबणारं टोक दोन मिलिमीटर कापून चिमट्यात धरून जाळा (बॅगेपासून लांब), सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येऊन राख होते, वितळून कडक गोळी झाली तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर, म्हणजे एकतर माल युद्धानंतरचा नाहीतर ती शिवण नंतरची, म्हणून दोन-तीन वेगळ्या शिवणींतले दोरे बघा. नोटा तपासायच्या निळ्या लाइटखाली कापड चमकलं तरी ते युद्धानंतरचं ठरवायची घाई नको, वॉशिंग पावडरमुळेही चमकतं, पावडर पोचत नाही अशा शिवणीच्या आतल्या घडीत बघा.

ऑलिव्ह रंग, सिंथेटिक दोरा आणि आत लेबल काढल्याची चौकोनी भोकं असतील तर ती बहुतेक बुंडेसवेअरची, म्हणजे १९५५ मध्ये उभ्या राहिलेल्या पश्चिम जर्मन सैन्याची. कुठे तेरा आकडी नंबर वाचता आला आणि पहिल्या चार आकड्यांनंतर १२ असेल तर प्रश्नच मिटला, १२ हा नाटोच्या यादीत जर्मनीचा कोड आहे. टिचबटणावर प्रिम लिहिलेलं असेल तर ती श्टोलबर्गची जुनी कंपनी, पण त्यांची बटणं सिव्हिलियन बॅगांवरही असतात, नुसत्या बटणावर निकाल देऊ नका. राखाडी-हिरव्या कापडावर पावसाच्या धारांसारख्या बारीक उभ्या रेघा असतील तर पूर्व जर्मनी.

आणि गरुडाचा, म्हणजे नाझी जर्मनीच्या चिन्हाचा, ताजा काळाभोर शिक्का दिसला तर जास्तच सावध व्हा. ०/ ने सुरू होणारे कारखान्यांचे नंबर युद्धाच्या उत्तरार्धात आले, तेव्हा तो नंबर आणि शेजारी १९३७ साल असं दिसलं तर कोणीतरी घरी बसून मारलेलं आहे. अशा बॅगेपेक्षा बिनशिक्क्याची, धुवट पण प्रामाणिक बॅग मी कधीही घेईन.

सगळं तपासून झालं की एक चिठ्ठी लिहून बॅगेत ठेवा, उदाहरणार्थ "ब्रेडबॅग, जर्मन पद्धतीची, दोरा सुती, बकल लोखंडी, शिक्का नाही, काळ नक्की नाही". वर्षाचा अंदाज लिहायचा असेल तर पेन्सिलने लिहा.